तिसऱ्या पिंपाचं वळण

सोलापूर,
१८ मार्च २०२४

आदिनाथ,

आधी 'तुम्ही' लिहिलं आणि खोडलं. सदतीस वर्षांत तुझं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे माझ्या डोक्यात तू अजून एकवीस वर्षांचाच आहेस. त्या मुलाला अहो-जाहो करणं मला जमत नाही.

मी मालती. पाटबंधारे खात्याच्या वसाहतीतल्या वेणीमाधव अण्णांची मुलगी, इंद्रजीतची धाकटी बहीण. सोलापुरात मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. एक मुलगी आहे, श्रावणी. अण्णा जाऊन बारा वर्षं झाली.

तुझा पत्ता बसव्वानं दिला. गेल्या महिन्यात मैंदर्गीला एका लग्नाला गेले होते. बाजारात चालताना इंजन दुरुस्तीच्या दुकानावर महादेवप्पांचं नाव दिसलं. महादेवप्पा आता नाहीत, पण त्यांची बायको बसव्वा दाराशी खुर्ची टाकून बसलेली होती. डोळ्यांनी तिला फार दिसत नाही. मी नुसतं "बसव्वा" म्हटलं, तर म्हणाली, "अय्यो, सायबांची मालू की!" एवढ्या वर्षांनी आवाजावरून ओळखलं. पण तिच्या कानांची गोष्ट तुला मी काय सांगणार?

ती म्हणाली, तू रत्नागिरीला असतोस, मच्छीमारांची इंजनं दुरुस्त करतोस, दर दिवाळीला तिला फोन करतोस. फोन नंबरही देत होती. मी पत्ताच घेतला. फोनवर मी दोन वाक्यांत गप्प झाले असते.

तिथून परतताना एसटीत मी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते आणि मला फक्त पाणी दिसत होतं. जेऊरच्या पुढचं, तुमच्या गावाशेजारचं धरणाचं पाणी. जत्रेचा दुसरा दिवस, काठावर दोन हजार माणूस, आठ होड्या एका रेषेत नाकं करून उभ्या. अण्णांच्या तोंडात शिट्टी. शिट्टी वाजली की आठ दोऱ्या एकदम ओढल्या जायच्या. ज्याचं इंजन पहिल्या ओढीला धरलं तो पुढं, बाकीचे शिव्या देत मागं. रॉकेलचा निळा धूर पाण्यावर पसरायचा आणि त्या धुरातून होड्या बाहेर पडायच्या तेव्हा त्यांची नाकं आभाळाकडं असायची. तुझी होडी तर पाण्याला नुसती मागच्या टोकानं शिवायची. एरवी त्याच होडीतून बाया, शेळ्या, उसाचं वाढं पैलतीराला जायचं, हे मला त्या क्षणी खरं वाटायचं नाही.

आणि घरंच्या घरं यायची. महादेवप्पा आपलं इंजन गोधडीत गुंडाळून टेम्पोतून इतक्या लांबून आणायचे. बसव्वा काठावर डोळे मिटून बसायची आणि आठ इंजनांच्या गदारोळातून नेमकं आपलं ऐकून म्हणायची, "एका प्लगाला उपास घडतोय बघा." महादेवप्पा परत आले की प्लग काढायचे, तो काळा निघायचा. दर वेळी. तुझी आई, बजामावशी, चुलीवर पन्नास माणसांची आमटी करायची आणि हरलेल्यांना आधी वाढायची.

अण्णांचा मुलगा शर्यतीत आणि अण्णाच पंच, हे तेव्हा कुणाला खटकलं नाही, कारण पाच वर्षांत इंद्रजीत एकदाही जिंकला नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो आदला दिवस. कोंडीबाकाका, म्हणजे तुझे वडील, पिंपं लावायला निघायचे आणि मला होडीत घ्यायचे. डांबराची तीन रिकामी पिंपं, प्रत्येकाला साखळी, साखळीच्या टोकाला जात्याचं तळं, म्हणजे खालचा जड दगड. पाथरवटाकडून त्यांनी तळ्यांवर आकडे खोदून घेतले होते. काका लांब बांबू घेऊन उभे राहायचे आणि तुमचं बुडालेलं गाव दाखवायचे. खाली नुसतं हिरवं पाणी, आणि हे म्हणायचे, "हितं आमचा गोठा. हितनं गाडीवाट जायाची. पोरी, पाय वर घे, आपन विहिरीवरनं चाललोय." मी खरोखर पाय वर घ्यायचे. एकदा मी विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळतं?" त्यांनी पलीकडच्या डोंगराची सोंड दाखवली, मग काठावरचा लिंब दाखवला. "ही सोंड आन् त्यो लिंब एका रेघंत आला की खाली देवाचं पटांगण. चार हात इकडं न्हाय, चार हात तिकडं न्हाय."

मी तीस वर्षं वर्गात नकाशे टांगले. पण त्या माणसाच्या डोक्यातल्याइतका मोठा नकाशा मी पुन्हा पाहिला नाही.

शर्यतीच्या दिवशी मी कुठं बसायचे, ते तुला ठाऊक आहे. त्याबद्दल आज नको.

मालती


सोलापूर,
९ एप्रिल २०२४, पाडवा

आदिनाथ,

उत्तर आलं नाही. येईल असं मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. सकाळी गुढी उभारली, श्रीखंड झालं, सगळे झोपलेत. मागच्या पत्रात मी गोड गोड तेवढं लिहिलं. ते पत्र पेटीत टाकल्यापासून मला चैन नाही.

चैत्र, सत्त्याऐंशी साल. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता आणि पाणी खूप खाली गेलं होतं. पण पिंपं लागली, शर्यत झाली. शेवटच्या फेरीला तुम्ही दोघंच उरलात, तू आणि इंद्रजीत. तीन पिंपांना बाहेरून वळसा घालून दोन चकरा. पिंपाच्या आतून जो जाईल तो बाद. तिसऱ्या पिंपाजवळ नांगरलेल्या होडीत मी बसले होते. सतरा वर्षांची. एका हातात पांढरी झेंडी, एका हातात लाल.

पहिल्या चकरेला तू पिंपाला अगदी खेटून वळलास. मी पांढरी दाखवली. तुझ्या मागून इंद्रजीत, त्यालाही पांढरी.

दुसऱ्या चकरेला तुम्ही जवळजवळ बरोबरीनं आलात. तू पिंपाच्या बाजूला, इंद्रजीत तुझ्या बाहेरच्या अंगाला. इतक्या वेगानं दोन होड्या मी कधी माझ्या अंगावर येताना पाहिल्या नव्हत्या. माझ्या पोटात ते इंजन वाजत होतं. आणि तू उभा राहिलास. भरधाव होडीत, एक हात इंजनाच्या दांड्यावर ठेवून तू सरळ उभा राहिलास, दुसरा हात वर केलास आणि ओरडलास. आवाज आला नाही, पण तोंडावरून मला शब्द कळला. "ये! ये!" मग तू होडी पिंपाच्या आतून, माझ्या आणि पिंपाच्या मधून काढलीस. तुझ्या पाण्यानं मी नखशिखांत भिजले.

मी लाल झेंडी वर केली. ते माझं कामच होतं.

इंद्रजीत पिंपाला धरून व्यवस्थित वळला आणि जिंकला.

काठावर काय झालं ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तुमच्या गावची माणसं म्हणाली, सायबाचाच पोरगा, सायबाचीच पोरगी, सायबाचीच शिट्टी. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी सगळ्यांसमोर तुला विचारलं, "आदिनाथ, तू आतून गेलास?" तू म्हणालास, "व्हय, गेलो." "का गेलास?" तू गप्प. मग अण्णा माझ्याकडं वळले. "मालू, तू जवळ होतीस. आणखी काही पाहिलंस?"

मी म्हटलं, "नाही."

आदिनाथ, ते खोटं होतं. तुला उभं राहिलेलं मी पाहिलं होतं, हात पाहिला होता, शब्द पाहिला होता. सांगितलं नाही, त्याचं कारण आज लिहितानाही माझे कान तापतात. मला वाटलं, तू मला हात केलास. मला 'ये' म्हणालास. दोन हजार माणसांत, शर्यत सोडून, एका मुलीसाठी. मला वाटलं हे मी बोलले तर अण्णा मला उद्यापासून घराबाहेर पडू देणार नाहीत आणि तुझं गावात काय होईल ते वेगळंच. म्हणून मी "नाही" म्हटलं आणि मनातल्या मनात समजत राहिले की मी तुला वाचवतेय.

त्या "नाही"वर तू लबाड ठरलास. अण्णांनी शिट्टी खिशात घातली ती पुन्हा काढली नाही. पुढच्या वर्षी शर्यत झाली नाही, मग कधीच नाही. कोंडीबाकाकांनी इंजन मोडीत काढलं. बसव्वा सांगत होती की त्या दिवसापासून ते तुझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि सहा महिन्यांत तू कोकणात निघून गेलास.

मी मात्र ते 'ये' जपून ठेवलं. लग्न झालं, संसार चांगला झाला, माझी काही तक्रार नाही. तरी कधी कधी वर्गात मुली पेपर लिहीत असताना मला तो उभा राहिलेला मुलगा दिसायचा. लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. आता पंचावन्नाच्या जवळ आले, म्हणून लिहून टाकलं. हसलास तरी चालेल.

मालती


सोलापूर,
१२ मे २०२४

आदिनाथ,

तुझं कार्ड पोचलं. तीनच ओळी. "पत्रे मिळाली. झाले ते झाले. इंद्रजीतला नमस्कार सांग." पत्र लिहू नकोस असं त्यात नाही, म्हणून लिहिते. आणि आज मला लिहिल्याशिवाय राहवणारच नाही.

इथं माणसं तापाबद्दल बोलावं तसं धरणाबद्दल बोलतात. आज उणे किती टक्के झालं? रोज आकडा खाली. मागच्या आठवड्यात श्रावणी म्हणाली, आई, तुमच्या तिकडचं बुडालेलं गाव उघडं पडलंय म्हणे, लोक बघायला जातायत. मी इंद्रजीतला फोन केला. तो साठीचा झालाय, गुडघे गेलेत, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आता त्याचा मुलगा बघतो. "चल," म्हणाला. काल पहाटे श्रावणीनं आम्हाला गाडीतून नेलं.

काय सांगू तुला. जिथं तुम्ही होड्या उडवायचात तिथं आम्ही चाललो. चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या आहेत, त्यात पांढरे शिंपले. आणि त्यातून गाव वर आलंय. पहिल्यांदा जोती दिसली, मग विहिरीचा काठ, मग गाडीवाट. दोन चाकोऱ्या, आदिनाथ! चव्वेचाळीस वर्षं पाण्याखाली राहून दगडातल्या दोन चाकोऱ्या तशाच आहेत. मी त्या गावात जन्मात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं आणि मला सगळं माहीत होतं. श्रावणीला मी सांगत गेले, आता डावीकडं गोठा लागेल. लागला. आता विहीर. विहीर आली. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आई, तू इथं कधी आली होतीस?" मी म्हटलं, वरून आले होते.

कोंडीबाकाकांनी बांबू टेकवून जे जे दाखवलं होतं, ते सगळं जागच्या जागी होतं. हात जोडावेत असं वाटलं, पण कुणाला जोडायचे ते कळेना.

पुढं देवाचं पटांगण आलं. देव तर गाव उठलं तेव्हाच नव्या गावात नेला. दगडी दीपमाळ तेवढी उभी आहे, दोन पुरुष उंच. इंद्रजीत तिच्याकडं न बघता खाली काहीतरी शोधत होता. मग मला हाक मारली, "मालू, हे बघ." चिखलात अर्धं रुतलेलं जात्याचं तळं, भोकात गंजलेल्या साखळीची कडी. त्यानं बुटाच्या टाचेनं चिखल खरवडला. वर आकडा खोदलेला. तीन.

त्या दिवशी भांडणानंतर पिंपं काढायला कुणी गेलंच नव्हतं. पिंप कधीतरी गंजून वाहून गेलं असेल, तळं तिथंच राहिलं.

इंद्रजीत तळ्यावर उभा राहिला, दीपमाळेकडं बघितलं आणि पावलं मोजत गेला. पंधरा. दुखऱ्या गुडघ्यानं परत आला. पुन्हा गेला, पुन्हा पंधरा. मी म्हटलं, काय झालं? दीपमाळेच्या पार वर, माथ्याजवळ, पाण्याचे जुने पट्टे उमटलेत. तिथून बोट माथ्याच्याही वर नेऊन म्हणाला, "सत्त्याऐंशी साली पाणी साधारण इथं असणार. माथा पाण्याखाली वीतभर."

मग तो खालीच बसला. चिखलात, चांगल्या पँटीनिशी.

म्हणाला, "मी बाहेरून घेत होतो, मालू. तो पिंपाला धरून वळला असता तर मला आणखी बाहेर जावं लागलं असतं. मी इंजन पूर्ण सोडलं होतं. सरळ ह्याच्यावर गेलो असतो." मग म्हणाला, "तो आत सरकला म्हणून मला पिंपाजवळ जागा झाली. मला वाटलं, घाबरला. मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो की आदिनाथ वळणावर घाबरला."

मी त्याला तिथंच सगळं सांगितलं. तू उभा राहिलास ते, हात वर केलास ते. "काय ओरडला?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "ये."

"आत ये," इंद्रजीत म्हणाला. "मला म्हणत होता. आत ये."

ऊन चढलं होतं. लांब पाण्याच्या कडेला रोहित पक्षी उभे होते. मला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. ज्या शब्दावर मी इतकी वर्षं लाजत आले, तो माझा नव्हताच. आणि खरं सांगते, आदिनाथ, मला वाईट वाटलं नाही. तुम्ही माझ्यासमोर आलात, ते सगळं डोळ्याची पापणी दोनदा लवेपर्यंतचं काम. तेवढ्यात तुला दगड आठवला, इंद्रजीत दिसला, शर्यत सोडून द्यायची हे ठरलं, आणि होडी न उलटता तू उभा राहिलास. मी इतक्या जवळ बसून हे पाहिलं आणि मला काहीच दिसलं नाही.

एकच कळत नाही. काठावर अण्णांनी तुला विचारलं, "का गेलास?" तेव्हा तू का बोलला नाहीस? एक वाक्य पुरलं असतं.

मालती


जेऊर,
२६ मे २०२४

आदिनाथ,

हे पत्र मी स्टेशनजवळ इंद्रजीतच्या साडूंच्या ओसरीवर बसून लिहितेय. आज आम्ही तुमच्या नव्या गावी गेलो होतो. मागच्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तू दिलं नसतंस, म्हणून ते शोधायला गेलो.

आधी देवळात गेलो. सभामंडपात सात-आठ म्हातारी माणसं बसली होती, त्यांतले तिघं जुने नाववाले. इंद्रजीत खांबाला धरून उभा राहिला आणि जे चिखलात बसून मला सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं. मग मी सांगितलं. शेवटी एक म्हातारे म्हणाले, "लाल झेंडी तूच दावलीस न्हवं?" मी म्हटलं, हो. "मंग आज बरं केलंस. आमी बी त्याला लई बोललो हुतो, बाई." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती तशीच राहू दिली.

मग बजामावशींकडं. तुझी आई ऐंशीच्या घरात आहे, कंबर वाकलीय, पण जात्यावर अजून स्वतः डाळ भरडतात. मला बघून उठल्या नाहीत. "बस," म्हणाल्या. इंद्रजीतनं त्यांच्या पायांना हात लावला आणि दगडाचं बोलायला लागला. त्यांनी हात करून त्याला थांबवलं.

"मला ठावं हाय," म्हणाल्या.

मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं? आदिनाथनं?"

"त्यो मरंल, पर सांगायचा न्हाय. त्याच्या बापानं सांगितलं."

इथून पुढं मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवते. मी लिहून घेतलंय.

"शर्यतीच्या दुसऱ्या दिशी सकाळी त्ये एकलेच होडी घिऊन ग्येले. बांबूनं तळ बघितला. माघारी आले त्ये गडी असा हादरलेला. मला म्हनले, बजा, पिंप म्या चुकीच्या जागी सोडलं. त्या साली थंडीत कुणी तरी काठावरचा लिंब तोडला हुता. ह्यांनी दुसऱ्याच लिंबावरनं रेघ धरली. देवापासनं लांब सोडायचं त्ये देवाच्या दारात सोडलं. म्हनले, सायबाचं पोरगं मेलं असतं. आन् लोक म्हनले असते, कोंड्यानं मुद्दाम केलं, आपला पोरगा जिंकावा म्हून. आपल्या आदिनाथाला त्ये पान्यावरच उमगलं. त्यानं पोरगं बी वाचिवलं आन् मला बी वाचिवलं. सोता लबाड झाला."

इंद्रजीत भिंतीकडं तोंड करून उभा होता.

मी विचारलं, "मग काका त्याच्याशी बोलले का नाहीत? तो तर समजत असेल की बाप रागावलाय."

"रागावला न्हवता गं. लाजला हुता. रोज म्हनायचे, आज बोलतो. पोरगं जेवाया बसलं की ह्यांची नजर ताटातनं वर येत न्हवती. पोराच्या तोंडाकडं बघायचं कसं, म्हनायचे. त्यो कोकणात निघाला त्या दिशी वाटंपत्तूर मागं मागं ग्येले. गाडी आली. त्यो चढला. ह्ये लिंबाआड हुबे."

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही सांगितलं?"

"शपथ घातली हुती. मी सांगीन, तू बोलायचं न्हाय. सोळा वरसं म्हनत ऱ्हायले, मी सांगीन. आन् तसंच ग्येले. दहाव्याला पोरगं आलं, खाली मान घालून बसलं, ग्येलं. मला वाटलं, आता मेल्या माणसाची शपथ कशी मोडू?"

मग म्हणाल्या, "आज तुमी दोगं आलात, सगळ्या गावात बोललात. आता शपथ कुटं ऱ्हायली? माझं म्हनणं लिवून घे, पोरी." मी वही काढली, दोन पानं भरली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. हे धाडू नगं. कागदावर कशाला? मीच जाते."

त्या कुर्डुवाडीच्या पुढं कधी गेलेल्या नाहीत. तुझ्या पुतण्यानं समजावलं, मी समजावलं, आजी, एवढा लांबचा प्रवास, घाट लागतो. त्यांनी तोवर नेसायची दोन लुगडी पिशवीत भरली. इंद्रजीत म्हणाला, "मी जाणारच होतो. मी घेऊन जातो." मी म्हटलं, तुझे गुडघे? तो म्हणाला, "गुडघ्यांचं मला सांगू नकोस, मालू."

आणि म्हणून, त्यांनी नको म्हटलं तरी मी हे सगळं लिहून धाडतेय. कारण मी आज त्या दोघांना पाहिलं. तुझ्या दारात उभे राहिले की त्यांच्या तोंडून शब्द फुटणार नाही, आणि तू तर कार्डावर तीन ओळींच्या वर जात नाहीस. कुणाला तरी आधीच माहीत असलेलं बरं. तुझ्या वडिलांना ठाऊक होतं. सोळा वर्षं त्यांच्या ओठांवर होतं.

माझ्यासाठी तू काही करू नकोस. माफ कर असंही मी लिहिलेलं नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. मी शिकवलेल्या हजारभर मुलींपैकी एकीनं जरी कुणी विचारल्यावर "हो, मी पाहिलं" असं म्हटलं असेल, तर ते मी त्यांना शिकवलं, मला स्वतःला साधलं नव्हतं म्हणून.

पुढच्या सोमवारी, तीन जूनला, ते सोलापुरातून निघतायत. मंगळवारी सकाळी रत्नागिरीच्या स्टँडवर उतरतील. इंद्रजीतला तू ओळखणार नाहीस, केस गेलेत आणि पोट आलंय. आईला ओळखशीलच. तिला चहात साखर कमी लागते.

निघताना मावशी माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, "तितलं पानी आपल्या धरनाहून मोठं आसतं का गं?" त्यांना वाटत होतं तू पैलतीर दिसेल अशाच कुठल्यातरी पाण्याच्या काठी राहतोस.

मी सांगितलं नाही. तू त्यांना घेऊन जा, आणि दाखव.

मालती